मनगटाच्या दुखण्याची तीनशे वर्षे

गारखेड्याच्या ज्या भागात माझी शाळा आहे तिथून सूतगिरणी चौक फार दूर नाही. गेल्या वर्षी तिथे नववीच्या वर्गात घडलेली ही गोष्ट. एका मुलाची विज्ञानाची प्रयोगवही महिनाभर अपुरी होती. मुलगा एरवी हुशार आणि टापटिपीचा. दोनदा सांगून झाले, मग मी रागावलो. "उरलेले तीन प्रयोग उद्या दोन-दोनदा लिहून आण," असे फर्मान काढले. आपण शिक्षक मंडळी असे नेहमीच करतो, त्यात विशेष काही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी वही आली. पहिली चार पाने त्याच्या अक्षरात होती, पुढची दोन वेड्यावाकड्या अक्षरात आणि उरलेली चक्क दुसऱ्याच कोणाच्या अक्षरात. विचारले तेव्हा मान खाली घालून म्हणाला, "सर, ताईने लिहिलं. माझं मनगट दुखतं."

हळूहळू उलगडा झाला. दिवाळीत त्याला गिटार मिळाली होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात वाजवायचे म्हणून तो तीन आठवडे रोज तीन-तीन तास वाजवत होता. आधी डावे मनगट दुखू लागले, नंतर उजव्या हाताचा कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग. घरी सांगितले तर वडील म्हणाले, "सवय नाही, होईल सवय." गिटार शिकवणारे म्हणाले, "रियाज वाढव, हात मोकळा होईल." आणि मी? मी त्याला आणखी लिहायला लावले होते. म्हणजे तीन मोठ्या माणसांनी तीन वेगवेगळ्या शब्दांत एकच सांगितले होते: दुखतंय ना, मग तेच आणखी कर.

जाताना त्याने मला विचारले, "सर, हात गिटारने दुखतो की लिहिण्याने?" मला उत्तर आले नाही. ते शोधताना मी जे वाचले, त्यातून या दुखण्याचा चांगला तीनशे वर्षांचा इतिहास समोर आला. त्यात वकिलांचे कारकून आहेत, तारमास्तर आहेत, संगीतकार आहेत, येरवड्याच्या तुरुंगातला एक कैदी आहे आणि सचिन तेंडुलकरही आहे.

आधी आपलाच हात पाहू

इतिहासात शिरण्याआधी एक साधा प्रयोग करा. उजवा हात टेबलावर पालथा ठेवा आणि डाव्या हाताने कोपराच्या थोडे खाली पकडा. आता उजव्या हाताची बोटे टाइप करत असल्यासारखी हलवा. काय जाणवते? बोटे हलतात तिकडे, पण स्नायू फुगतात ते इकडे, कोपराजवळ.

बोटांच्या आत हालचाल घडवणारे स्नायू नसतात. काही छोटे स्नायू तळहातात असतात, पण जोर लावणारे मोठे स्नायू कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात. तिथून लांब, पांढऱ्या, चिवट दोऱ्या बोटांपर्यंत जातात. या दोऱ्यांना कंडरा म्हणतात. कळसूत्री बाहुलीसारखीच ही व्यवस्था आहे: ओढणारा वर, हलणारा खाली, मध्ये दोऱ्या.

इथे शब्दांचीही एक गंमत आहे. सुश्रुतसंहितेत शरीरात ५०० पेशी, ९०० स्नायू आणि १६ कंडरा सांगितल्या आहेत. त्यातली 'पेशी' म्हणजे आपला आजचा स्नायू, आणि 'स्नायू' म्हणजे बांधून ठेवणारे दोरीसारखे भाग. शब्द तेच राहिले, अर्थ सरकले. बाहूपासून बोटांपर्यंत जाणाऱ्या कंडरा बिघडल्या की हाताचे काम थांबते, असे एक दुखणेही त्यात 'विश्वाची' या नावाने नोंदलेले आहे. म्हणजे हात दुखणे नवे नाही. ते कामामुळे दुखतात, हे मात्र फार उशिरा लिहिले गेले.

मोदेनाचा डॉक्टर आणि नवा प्रश्न

इटलीत मोदेना नावाचे गाव आहे. तिथे बर्नार्दिनो रामाझ्झिनी (१६३३–१७१४) हा डॉक्टर होता. एकदा त्याच्या घरचा मैलाखड्डा उपसणारा माणूस घाईघाईने काम करत होता. इतकी घाई का, असे रामाझ्झिनीने विचारले. तो म्हणाला की इथे फार वेळ राहिले तर डोळे जातात. रामाझ्झिनीने गावातल्या अशा कामगारांकडे लक्ष देऊन पाहिले आणि त्याला ते खरे वाटले. मग तो निरनिराळ्या कारागिरांच्या कामाच्या जागी जाऊन पाहू लागला, त्यांना विचारू लागला. त्यातून १७०० साली 'कारागिरांचे रोग' या विषयावरचा त्याचा लॅटिन ग्रंथ निघाला. डॉक्टरांनी रोग्याला जे प्रश्न विचारायचे, त्यात त्याने एकाची भर घातली: तू काम काय करतोस?

१७१३ साली निघालेल्या वाढीव आवृत्तीत लेखनिकांवरही एक प्रकरण आले. लेखनिकांच्या दुखण्याची रामाझ्झिनीने तीन कारणे दिली आहेत. एक, सतत बसून राहणे. दुसरे, हाताची एकाच दिशेने अखंड चालणारी हालचाल. आणि तिसरे, हिशेबात चूक होऊ नये म्हणून मनावर असलेला ताण. तीनशे वर्षांनंतरही या यादीत फारशी दुरुस्ती करावी लागत नाही.

त्याने ओळखीच्या एका लेखनिकाची हकिगत दिली आहे. आयुष्यभर लिहून या माणसाच्या उजव्या हातातली शक्ती गेली. त्याने जिद्दीने डाव्या हाताने लिहायचा सराव केला. काही काळाने डावा हातही तसाच झाला. हात बदलला, पण काम तेच राहिले. ही हकिगत लक्षात ठेवा, पुढे तिची आठवण येणार आहे.

टाक, टेबल आणि तार

एकोणिसाव्या शतकात कचेऱ्या वाढल्या. इंग्लंडमध्ये विमा कंपन्या, बँका, रेल्वे आणि सरकारी खाती यांच्यासाठी हजारो कारकून दिवसभर नकला उतरवू लागले. १८३० च्या सुमारास चार्ल्स बेल या शरीरशास्त्रज्ञाने लिहिताना हाताला येणाऱ्या गोळ्यांची नोंद केली. १८६४ साली सॅम्युएल सॉली या शल्यचिकित्सकाने त्यावर व्याख्याने दिली. त्याच काळात पिसाच्या लेखणीची जागा कारखान्यात बनलेल्या पोलादी निबाने घेतली होती. पीस लवचीक असते आणि पुन्हापुन्हा तासावे लागते, त्यामुळे हाताला आपोआप विसावा मिळतो. पोलादी निब कडक, आणि थांबण्याची गरजच नाही. पुष्कळांनी दोष नव्या निबाला दिला.

१८७३ साली जर्मनीत रुंगे या डॉक्टरने कोपराच्या बाहेरच्या बाजूला होणारी एक विशिष्ट वेदना वर्णिली. रोगी होता लिहिणारा. पुढे १८८२ मध्ये इंग्लंडमध्ये हेन्री मॉरिस यांनी टेनिस खेळणाऱ्यांत तशीच वेदना सांगितली आणि दुखण्याला टेनिसचे नाव चिकटले. आज आपण ज्याला 'टेनिस एल्बो' म्हणतो, ते वैद्यकाच्या कागदांत प्रथम आले ते लेखणीमुळे, रॅकेटमुळे नव्हे!

मग आली तार. मोर्सच्या यंत्रात एक बटण खाली-वर दाबून कडकट्ट करायचे. एका शब्दाला सरासरी पाच अक्षरे आणि प्रत्येक अक्षराला दोन-चार ठोके धरले, तर मिनिटाला वीस शब्द पाठवणारा तारमास्तर तासाला किती वेळा बटण दाबत असेल? वर्गात हे गणित जरूर करून घ्या. अक्षराला तीन ठोके धरले तरी तासाला १८,००० येतात. १८७५ साली फ्रान्समध्ये ओनिमस यांनी 'तारवाल्यांचा गोळा' वर्णिला. अमेरिकेतले तारवाले त्याला 'काचेचा हात' म्हणत.

ब्रिटनमध्ये १९०८ साली हे दुखणे नुकसानभरपाई मिळणाऱ्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत घातले गेले. त्याबरोबर तक्रारींची संख्या वाढली. वाढली की आधीपासूनच होती आणि आता बोलायला वाव मिळाला? सरकारने चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १९११ मध्ये आला. त्यात दोन कारणे सांगितली होती: त्याच त्या हालचालीचा थकवा, आणि तारवाल्याचा मुळातला नाजूक मज्जास्वभाव. म्हणजे निम्मा दोष कामाचा आणि निम्मा माणसाचा.

हे सगळे चालू असताना अमेरिकेत होरेस मार्टिन नावाच्या माणसाने वेगळाच मार्ग काढला. १९०४ च्या सुमारास त्याने असे यंत्र विकायला आणले की ज्यात बटण खाली-वर दाबायचे नसून एक पट्टी आडवी हलवायची. एका बाजूला दाबली की स्प्रिंगमुळे टिंबांची माळ आपोआप निघे. ठोके कमी झाले आणि हालचालीची दिशाही बदलली. हात दुखलेल्या अनेक तारवाल्यांना त्यामुळे पुन्हा काम करता आले. समितीने माणसाचा स्वभाव पाहिला, मार्टिनने यंत्र पाहिले.

आपल्याकडची तारसेवा २०१३ च्या जुलैमध्ये बंद झाली. तिच्याबरोबर किती मनगटांच्या कहाण्या न लिहिताच गेल्या असतील, कोण जाणे.

वाद्य आणि वादक

आता गिटारकडे वळू. वाद्याच्या बाबतीत एक अडचण आहे. कारकुनाला काम सक्तीने करावे लागते, वादक ते आवडीने करतो. त्यामुळे दुखणे तो स्वतःच लपवतो.

जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमान (१८१०–१८५६) याला पियानोवादक व्हायचे होते. त्याच्या उजव्या हाताचे मधले बोट नीट चालेना. ते स्वतंत्रपणे हलावे म्हणून त्याने बोट अडकवून ठेवणारे एक साधन वापरले. १८३२ पर्यंत वादनाची वाट बंद झाली आणि तो रचनेकडे वळला. बोट नेमके कशाने गेले यावर आजही एकमत नाही. पण दुर्बळ बोटाला आणखी ताण द्यायचा, हा विचार आपल्या ओळखीचा आहे.

त्याच काळात पॅरिसमध्ये फर्नांडो सॉर (१७७८–१८३९) या स्पॅनिश गिटारवादकाने वादनाची पद्धत लिहिली. १८३० मध्ये निघालेल्या त्या पुस्तकाचे वेगळेपण असे की, हात कसा धरावा हे तो परंपरेवर सोपवत नाही, हाताच्या रचनेवरून ठरवतो. गिटार टेबलाच्या कडेला टेकवून वाजवावी, म्हणजे ती सावरण्यात डाव्या हाताचा जोर जात नाही, असेही त्याने सुचवले. त्याचा मित्र दियोनिसियो आग्वादो याने तर गिटार धरून ठेवायला तिवईच बनवली. पुढे डाव्या पायाखाली छोटे चौरंगासारखे पाऊलदान घ्यायची रीत रूढ झाली. या सगळ्या खटाटोपाचे मर्म एकच: हाताने वाजवावे, वजन पेलण्याचे काम दुसऱ्या कशाने तरी करावे.

त्यानंतर वाद्यच बदलले. स्पेनच्या आंतोनियो दे तोर्रेस याने एकोणिसाव्या शतकात गिटारचा आकार मोठा केला. अमेरिकेत मोठा आवाज हवा म्हणून आतड्याच्या तारांऐवजी पोलादी तारा आल्या. आतड्याच्या तारांची जागा दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉनने घेतली. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ४० किलो वजनाइतका असतो, तर पोलादी तारांचा ७० किलोच्या आसपास. ताण जास्त म्हणजे तार दाबायला जोर जास्त. आपल्या बाजारात नवशिक्याला मिळणारी स्वस्त गिटार बहुधा पोलादी तारांची, मोठ्या पोटाची, आणि तारा दांडीपासून बऱ्याच उंच असलेली असते. चौदा वर्षांच्या मुलाला तिच्या पोटावरून उजवा हात पलीकडे न्यायचा तर मनगट काटकोनाकडे वाकवावेच लागते.

आपल्या संगीतात रियाजाला मोठा मान आहे. चाळीस दिवस स्वतःला कोंडून घेऊन चिल्ला करणाऱ्या कलावंतांच्या कथा आपण ऐकतो आणि मुलांना सांगतो. सतारियांच्या बोटावरचे घट्टे हे तर भूषण. पण इथे एक घोटाळा होतो. घट्टा पडतो तो कातडीला. घासले की कातडी जाड होते आणि दुखणे थांबते. गिटार शिकताना पहिले काही आठवडे बोटांची टोके दुखतात ती अशी, आणि ती थांबतातही. मनगटातल्या कंडरांना आणि मज्जातंतूला असा घट्टा पडत नाही. "सवय झाली की जाईल" हे वाक्य बोटाच्या टोकाबद्दल खरे आहे, मनगटाबद्दल नाही.

येरवड्याचा चरखा

या दुखण्याचे महाराष्ट्रातले एक उदाहरण सर्वांच्या परिचयाच्या माणसाचे आहे. १९०९ च्या नोव्हेंबरमध्ये गांधीजी लंडनहून दक्षिण आफ्रिकेला 'किल्डोनन कॅसल' बोटीने निघाले होते. प्रवासात दहा दिवसांत त्यांनी 'हिंद स्वराज' लिहून काढले. हस्तलिखिताची २७५ पाने. उजवा हात दुखून आला तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहिले, आणि त्यातली ४० पाने डाव्या हाताची आहेत. रामाझ्झिनीचा लेखनिक आठवला ना?

पुढे १९३२ मध्ये ते येरवड्याच्या तुरुंगात होते. रोजचे सूत कातणे चालू होते. साध्या चरख्यावर उजवा हात चाक फिरवतो आणि डावा हात पेळूतून सूत ओढत मागे जातो. ही ओढ दिवसातून शेकडो वेळा. त्यांचा डावा कोपर दुखू लागला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. व्रत तर मोडायचे नाही. तेव्हा त्यांनी मगन चरखा शिकायला घेतला. हा चरखा पायाने फिरवायचा असतो, त्यामुळे दोन्ही हात सूत काढायला मोकळे राहतात आणि एका हातावरचा भार वाटला जातो.

इथे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे. चिकाटीबद्दल ज्यांचे नाव घ्यावे असा हा माणूस. त्यांनी दुखण्याकडे दुर्लक्ष करून तेच तसेच रेटले नाही. काम सोडले नाही, पण कामाची रीत बदलली. चिकाटी आणि हट्ट यांतला फरक मुलांना समजावून सांगायचा असेल तर याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

आमच्या सूतगिरणी चौकातून जाताना आता मला हे आठवते. सूत काढणाऱ्या सगळ्याच हातांना चरखा बदलण्याची मुभा नसते. पैठणी विणणारा, विडी वळणारी बाई, कारखान्यात दिवसभर तोच स्क्रू बसवणारा मुलगा, यांची दुखणी कोणत्याही वहीत लिहिली जात नाहीत. औरंगाबाद लेण्यांपैकी सातव्या लेण्यात नर्तकी आणि तिच्याभोवती वाद्ये वाजवणाऱ्या स्त्रिया कोरल्या आहेत. वाद्य धरलेले ते हात शतकानुशतके तसेच आहेत. ज्यांनी ते कोरले त्यांच्या हातांची हकिगत मात्र कुठेच नाही.

सचिनचा कोपर

२००४ च्या ऑगस्टमध्ये सचिन तेंडुलकरचा डावा कोपर दुखायला लागला आणि 'टेनिस एल्बो' हा शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. इंग्लंडमधली चॅम्पियन्स ट्रॉफी त्याला खेळता आली नाही. ऑस्ट्रेलियाविरुद्धचे पहिले दोन कसोटी सामनेही हुकले. ऑक्टोबरमध्ये तो नागपूरच्या कसोटीत परतला, पण दुखणे गेले नव्हते. मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. त्या ऑक्टोबरमध्ये तो पुन्हा नागपूरलाच श्रीलंकेविरुद्ध खेळला आणि त्याने ९३ धावा केल्या.

या प्रकरणाचा एक फायदा झाला. सचिन आळशी आहे किंवा त्याचा स्वभाव नाजूक आहे, असे कोणी म्हणू शकले नाही. त्याच्या जड बॅटची चर्चा झाली, सामन्यांच्या गर्दीची चर्चा झाली. म्हणजे प्रश्न काम आणि साधन यांच्याबद्दल विचारले गेले. माणूस मोठा असला की त्याचे दुखणे खरे मानले जाते.

याच्या उलट उदाहरण ऑस्ट्रेलियातले. १९८० च्या दशकात तिथल्या कचेऱ्यांत नवे कळफलक आले आणि हात दुखण्याच्या तक्रारींची लाट उठली. १९८४-८५ च्या सुमारास ती शिगेला पोहोचली आणि पुढे काही वर्षांत ओसरली. तक्रार करणाऱ्यांत स्त्रिया बहुसंख्य होत्या. त्यांच्या दुखण्याला 'कांगारूचा पंजा' असे थट्टेचे नाव पडले. हा रोग आहे, मनाचा खेळ आहे, की भरपाईसाठीचे नाटक, यावर डॉक्टरांत आणि न्यायालयांत भांडणे झाली. तपासणीत काही दिसत नाही, म्हणजे काही नाहीच, असा युक्तिवाद होता.

आज काय माहीत आहे?

एक गोष्ट स्पष्ट झाली आहे. हात दुखणे हा एक रोग नसून त्यात निदान तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

पहिली, कंडरांची झीज. स्नायूला रक्त भरपूर मिळते, कंडरेला फार थोडे. सरावाने स्नायू काही आठवड्यांत बळकट होतो, पण कंडरेला त्यासाठी महिने लागतात. या मधल्या काळात जोर वाढलेला असतो आणि दोरी जुनीच असते. पूर्वी इथे सूज असते असे मानत. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून शस्त्रक्रियेत काढलेले टेनिस एल्बोचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा सुजेच्या पेशींऐवजी विस्कटलेले, अर्धवट दुरुस्त झालेले तंतू दिसले. दुरुस्तीला वेळच मिळत नाही, हे खरे दुखणे.

दुसरी, मज्जातंतूवरचा दाब. मनगटाच्या आठ हाडांनी केलेल्या पन्हाळीवर एक चिवट पट्टा ताणलेला असतो. त्या बोगद्यातून नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. जागा अगदी मोजकी. मनगट वाकवून बराच वेळ ठेवले की आतला दाब वाढतो आणि अंगठा, तर्जनी, मधले बोट यांना मुंग्या येतात. जेम्स पॅजेट यांनी १८५४ मध्ये मनगटात दबलेल्या या मज्जातंतूचे वर्णन केले. पण नीट समजून शस्त्रक्रिया सुरू होण्यास १९४७ नंतरचा काळ यावा लागला.

तिसरी गोष्ट मेंदूतली. अमेरिकन पियानोवादक लिओन फ्लायशर यांची उजव्या हाताची बोटे १९६४ च्या सुमारास आपोआप मुडपू लागली. हाताच्या तपासणीत दोष सापडेना. पुढे कळले की मेंदूत प्रत्येक बोटाची जी वेगवेगळी जागा असते, तिच्या सीमा पुसट होऊ शकतात. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात माकडांना तीच ती पकड हजारो वेळा करायला लावली, तेव्हा त्यांच्या मेंदूतले बोटांचे नकाशे असेच एकमेकांत मिसळलेले आढळले. म्हणजे 'दुखणे मेंदूत आहे' आणि 'दुखणे काल्पनिक आहे' ही दोन वेगळी वाक्ये आहेत. फ्लायशर तीस वर्षांनंतर पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले.

वादक स्वतः बोलू लागल्यावर दुखण्याचे खरे प्रमाण बाहेर आले. अमेरिकेतल्या वाद्यवृंदांच्या १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत २,२१२ वादकांनी उत्तरे दिली. त्यांतल्या ७६ टक्क्यांना वादनात अडथळा आणणारे एखादे तरी दुखणे होते. मंचावर ते दिसत नव्हते, इतकेच.

वर्गात करून पहा

१. मनगट सरळ ठेवून मुठीत खडू घट्ट धरा. शेजाऱ्याला तो ओढू द्या. आता मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवून तसेच धरा. पकड किती ढिली झाली? वाकलेल्या मनगटाने तेच काम करायला स्नायूंना अधिक जोर लावावा लागतो.

२. एक हात डोक्यावर आणि दुसरा खाली सोडून दोन्ही मुठी एकाच वेगाने उघडझाप करा. कोणता हात आधी थकतो? वर धरलेल्या हाताला रक्तपुरवठा कमी पडतो.

३. भरलेली पाण्याची बाटली हात समोर ताठ करून न हलवता धरा आणि वेळ मोजा. मग तीच बाटली हात खाली-वर करत उचला. स्थिर धरणे लवकर थकवते, कारण सतत आवळलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबून धरतो. गिटारचा एकच स्वरमेळ आवळून धरताना हेच होते.

पुन्हा गारखेड्यात

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आता मला देता आले. हात गिटारने दुखतो की लिहिण्याने? दोन्हींनी. कंडरा गिटारचा हिशेब वेगळा आणि वहीचा वेगळा ठेवत नाही. तिच्याकडे एकच खाते असते. शाळेतले चार तास लिखाण, घरचा अभ्यास, तीन तास गिटार, वर मोबाइल, आणि माझी शिक्षा. सगळे त्यातच जमा.

वडिलांना मी शाळेत बोलावून घेतले. मुलाला डॉक्टरांना दाखवले. मुंग्या किंवा बधिरपणा नव्हता, ही समाधानाची गोष्ट. तो असता, किंवा रात्री दुखून जाग येत असती, तर थांबून चालले नसते. दोन आठवडे गिटार बंद राहिली. पुढे दहा-दहा मिनिटे वाजवणे आणि मध्ये विसावा, असे सुरू झाले. गिटार शिकवणाऱ्यांना हे सारे सांगितले, तेव्हा ते क्षणभर गप्प राहिले आणि आपले डावे मनगट चोळत म्हणाले, "माझंही दुखतं, सर. वीस वर्षं झाली. कोणाला सांगणार?" त्यांनीच मग तारा उतरवून खालच्या केल्या, डाव्या पायाखाली ठेवायला एक लाकडी ठोकळा आणला आणि मुलाला आरशासमोर बसवून मनगट सरळ ठेवायला शिकवले. स्नेहसंमेलनात त्याने गाणे वाजवले नाही. ते राहूनच गेले, आणि त्याचे वाईट त्यालाही वाटले, मलाही. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर मात्र तो रोज तासभर, तुकड्या-तुकड्यांनी वाजवू लागला आहे.

मी माझ्यापुरते दोन नियम केले. शिक्षा म्हणून लिहायला लावायचे नाही. आणि एखाद्या मुलाचे अक्षर अचानक बिघडले, तर रागावण्याआधी रामाझ्झिनीचा प्रश्न विचारायचा: बाळा, तू दिवसभर हातांनी काय काय करतोस?

हा प्रश्न विचारायला सुरुवात केल्यावर पहिल्याच आठवड्यात एका मुलीने उत्तर दिले. ती सकाळी शाळेत येण्याआधी आईबरोबर शंभर पोळ्या लाटते. आई डबे पुरवते. दोन वर्षे ती माझ्या वर्गात होती आणि तिचे अक्षर वाईट आहे, एवढेच मला माहीत होते.